निंदेचा रविवार

रविवारी जेवणं उरकली, की घरी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला जायचा आणि सगळं घर त्याच्यासमोर मांडी घालून बसायचं. मधोमध आत्या. ही बाबांची थोरली बहीण. राहायला पलीकडच्या गल्लीत, पण या फोनसाठी आपलं जेवण घाईनं गिळून येणारी. एका अंगाला आई, पोरगी वाळली की काय ते स्क्रीनवर शोधत. मागे भिंतीला टेकून बाबा, बनियनवर, वर्तमानपत्र तोंडापुढे धरलेलं, म्हणजे आपण ऐकत नाही असं दिसावं.

"हं, सांग," आत्या चष्मा वर सरकवून म्हणायची. "काय केलं फौजदारणीनं या आठवड्यात?"

फौजदारीण म्हणजे धाकट्या मुलीची, धाकटीची, घरमालकीण. नाव धाकटीनंच ठेवलेलं. धाकटी परदेशी शिकायला गेली होती आणि सांडपाणी शुद्ध करायचं शास्त्र शिकत होती. आत्या त्याला सरळ गटार म्हणायची. "गटार शिकायला एवढ्या लांब कशाला? आपल्याकडे काय कमी आहेत?" हा तिचा सवाल विमानतळावर निरोप द्यायला आला होता आणि अजूनही मधूनमधून फोनवर भेटायचा. धाकटीनं अभ्यासाचं काढलं, की "जेवून बसलोय गं, ते नको" म्हणून आत्या तो विषय जागच्या जागी बुजवायची. मग राहता राहिली माणसं.

पहिल्या पहिल्या रविवारी धाकटीनं खरं सांगून पाहिलं होतं. खोलीत फार गप्प वाटतं. वर्गातली मुलं हसून बोलतात आणि तास संपला की फळा पुसावा तशी ओळख पुसून निघून जातात. सरांना नावानं हाक मारायची असते, ते तोंडातून निघत नाही, म्हणून ती हाकच मारत नाही, समोर जाऊन खोकते. एवढं सांगून ती रडली. मग आई रडली. आत्यानं पदर डोळ्यांना लावला आणि वर्तमानपत्रामागून नाक ओढल्याचा आवाज आला. फोन ठेवल्यावर धाकटीला दुप्पट वाईट वाटलं, कारण आता स्वतःबरोबर घरच्यांनाही तिलाच सावरायचं होतं.

पुढच्या खेपेला रडू येऊ नये म्हणून तिनं फ्रीजची गोष्ट सांगितली. घरमालकिणीनं फ्रीजमध्ये चिकटपट्टी लावून हद्द आखली होती. इकडचं माझं, तिकडचं तुझं. धाकटीचं एक लिंबू घरंगळत पलीकडे गेलं, तर बाईनं ते बशीत घालून तिच्या दाराबाहेर आणून ठेवलं, सरहद्द ओलांडलेला कैदी परत करावा तसं. आत्या हसता हसता आडवी झाली. आई हसली. वर्तमानपत्र गदगदलं. आणि धाकटीला शोध लागला, की ज्याची टर उडवावी त्याची भीती वाटत नाही आणि रडूही येत नाही. खोलीतल्या हीटरपेक्षा स्वस्त ऊब होती ती.

मग काय, दुकानच उघडलं. आठवडाभर माल गोळा करायचा आणि रविवारी विकायचा. बाईनं उभा जन्म दातांच्या दवाखान्यात बसून लोकांना वेळा देण्यात घालवलेला. नोकरी संपली, सवय कुठली संपायला? कपडे धुवायची वेळ ठरलेली, डोकं धुवायची ठरलेली. सख्ख्या बहिणीनं भेटायला यायचं म्हटलं तर तिलाही पंधरा दिवस आधी वेळ! "बहीण दात काढून घ्यायला येते का काय?" आत्या विचारायची. चहाची गोष्ट तर सगळ्यांनी तीनतीनदा सांगायला लावली. बाईनं विचारलं, "चहा घेणार?" धाकटी रीतीप्रमाणे म्हणाली, "नको, नको." बाईनं एकच कप भरला आणि समोर बसून शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

"अगं बाई! परत नाही विचारलं?"

"नाही."

"माणसं आहेत की दगड!"

धाकटी वरून थोडा मीठमसाला लावायची, नाही असं नाही. एकदा संध्याकाळी प्रयोगशाळेतून परतली तर दाराआतल्या बोळातला हीटर चालू. त्याचंही तिनं सोनं केलं. "एवढी चिकट बाई आणि हीटर बंद करायला विसरली! नक्की ताप आला असणार." यावर घरात जो हशा पिकला तो शेजाऱ्यांपर्यंत गेला. परदेश कसा आहे हे आपल्या माणसांना ऐकायचं नसतंच मुळी. तो वाईट आहे एवढं कळलं, की आपण होतो तिथंच बसून राहिलो ते किती शहाणपणाचं होतं, याची खात्री पटते आणि दुपारची झोप छान लागते.

एका रविवारी मात्र बाबा शर्ट घालून बसले. बाबा घरात शर्ट घालत ते कुणाचं लग्न जमवायला, नाहीतर कुणाशी संबंध तोडायला. वर्तमानपत्रही नव्हतं.

"पुरे झालं आता," बाबा म्हणाले. "हे सत्र संपलं की परत ये."

"बाबा! का?"

"का काय? इतके दिवस ऐकतोय मी. लिंबू परत करणारी बाई, चहा न पाजणारी बाई, ओळख न दाखवणारी पोरं. असल्या माणसांत माझी मुलगी ठेवू? इथं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत माणूस हवंय. मी बोलून ठेवलंय."

"अहो, ते मी गमतीनं सांगते."

"गंमत एखादे वेळी असते. दर रविवारी असते त्याला हाल म्हणतात."

"आणि तूच तर सांगतेस ना गं सगळं," आत्या म्हणाली. "आम्ही का बघायला आलोय?"

धाकटीला आपलं काम आठवलं. प्रयोगशाळेत तिच्या ताब्यात एक काचेची टाकी होती. तिच्यात गढूळ, नाक धरावं असं पाणी, आणि त्यातली घाण खाऊन ते स्वच्छ करणारे जिवाणू. पहिली टाकी तिनं मारली होती. हवा कमी पडली आणि सगळे जिवाणू एका सुट्टीत मेले. ही दुसरी जगली होती. गाळ खाली बसायला लागला होता, वरचं पाणी निवळायला. सर स्वतः वाकून बघून गेले आणि "छान" म्हणाले, तेव्हा शेजारच्या टाकीवरची मुलगी आपलं काम सोडून बघत राहिली होती. आता ही टाकी अर्ध्यावर टाकून जायचं आणि कचेरीत बसून अर्जांवर शिक्के मारायचे! आणि यातलं अवाक्षर घरी माहीत नव्हतं, कारण मंडळी कायम जेवून बसलेली.

"चांगल्या पण आहेत त्या, बाबा."

"कोण?"

"फौज... घरमालकीणबाई."

"काय चांगलं आहे त्यांच्यात?"

धाकटीनं तोंड उघडलं. दुकानात सगळा एकाच जातीचा माल. दुसरं कुणी मागितलं की फळ्या रिकाम्या. "त्या... वेळेवर असतात," ती म्हणाली.

आत्या फिस्सकन हसली.

"पुढच्या रविवारी सांग," बाबा म्हणाले. "एकच गोष्ट, पण मला पटेल अशी. नाही सापडली तर ये घरी." आणि त्यांनी स्वतः फोन बंद केला. त्यांना तो बंद करता येतो, हेच आजवर कुणाला ठाऊक नव्हतं.

आठवडाभर धाकटी घरमालकिणीत चांगुलपणा शोधत हिंडली. बाईनं तिला जराही मदत केली नाही. बादली जागेवर नव्हती म्हणून सुनावलं. धाकटीनं मुद्दाम गोड हसून "तब्येत कशी आहे?" विचारलं, तर म्हणाली, "का? काय हवंय?" जिन्यात काढलेले बूट दोन बोटांत धरून आत आणून आपटले. अशा बाईला चांगली ठरवायचं म्हणजे टाकीतले जिवाणू जगवण्याइतकंच चिवट काम होतं.

मग शुक्रवारी धाकटी लवकर परतली. बोळ गार पडलेला. ती दार लावते न लावते तोच बाई स्वयंपाकघरातून हात पुसत धावत आली.

"आज लवकर?"

"हो, काम आटपलं."

"मग आधी सांगायचं नाही का? बोळ तापायला वेळ लागतो," बाई खेकसली, हीटरचं बटण खटकन दाबलं आणि पाय आपटत निघून गेली.

धाकटी एक बूट हातात घेऊन उभीच राहिली. म्हणजे हे रोजचं होतं तर. एरवी ती पोचेपर्यंत हीटर बंद झालेला असे, म्हणून बोळाची ऊब तिला घराचीच वाटली होती. ही यायच्या सुमाराला बाई बोळ तापवून ठेवत होती, आणि हिनं त्याचा ताप करून घरी विकला होता. तिला ओशाळल्यासारखं झालं. मग रागही आला. करायचीच माया, तर ती अशी चावा घेतल्यासारखी करायचं काय नडलंय या बाईला? आणि बाबांना हे सांगितलं तर ते म्हणतील, भाडं घेते ना?

रविवारी फोनच्या आधी घरमालकिणीची बहीण आली, दिलेल्या वेळेवर. ठेंगणी, गुबगुबीत, बशीएवढ्या पिवळ्या गुंड्यांचा स्वेटर घातलेली. धाकटी स्वयंपाकघरात पाणी घ्यायला गेली, तशी तिनं चष्मा वर सरकवला.

"अच्छा! म्हणजे हीच का ती मांजर?"

घरमालकीण कानांपर्यंत लाल झाली.

"कुठली मांजर?" धाकटीनं विचारलं.

"अगं, चहा विचारला की नको नको म्हणते आणि मग कपाकडे टक लावून बसते, ती! ही सांगते ना मला दर रविवारी फोनवर. ते तर मी तीनदा सांगायला लावलं. म्हणे, शेवटपर्यंत बघत होती, माझ्या घशाखाली घोट उतरेना! आणि जिन्यात बूट तूच काढतेस ना? वरचा म्हातारा पडता पडता राहिला. आणि फोनवर काय ओरडतेस गं! फोन कशाला मग, खिडकी उघडायची आणि बोलायचं. आणि ते लिंबू! ही बिचारी बशीत घालून देते, तर आभार नाहीत, काही नाही, बाँब दिल्यासारखी बघत राहिली म्हणे."

धाकटी भडकली. मांजर? म्हणजे ही बाई भिंतीपलीकडे बसून आपली टिंगल करते, दर रविवारी, सख्ख्या बहिणीजवळ? हिला दुसरे उद्योग नाहीत? तेवढ्यात तिचं लक्ष समोरच्या चष्म्याकडे गेलं. वर सरकवलेला. पुढे झुकलेली मान, आणखी काही मिळेल म्हणून लुकलुकणारे डोळे. भाषा वेगळी, स्वेटर भयंकर, पण आत्या. नखशिखांत आत्या.

"मी तर हिला म्हणते, काढून टाक ही पोरगी," बहीण म्हणाली, पोरगी समोर उभी असताना, अगदी निवांत. "एवढा ताप कशाला डोक्याला?"

"काढून टाकली," घरमालकीण म्हणाली, "तर रविवारी तुला काय सांगू? गुडघ्यांचं?"

आणि फोन वाजला.

बाबा शर्टातच होते. "सांग," ते म्हणाले.

धाकटीनं फोन ओट्यावरच्या साखरेच्या डब्याला टेकवला. दोघी बहिणी त्यात मावल्या. "बाबा, या घरमालकीणबाई. आणि या त्यांच्याकडच्या आत्या," ती म्हणाली, आणि एक अक्षर न गाळता सगळं सांगून टाकलं. मांजर, बूट, ओरडणं, लिंबू. या खेपेला मीठमसाला लागलाच नाही.

"मांजर?" आत्या फणकारली. "आमच्या पोरीला मांजर म्हणते? विचार तिला, दोनदा विचारलं तर जीभ झिजते का तुझी?"

पण आई तोंडाला पदर लावून हसत सुटली होती. "वन्सं, पण खरंच आहे हो ते. लहानपणी शेजाऱ्यांनी काही खाऊ दिला की नको म्हणायची, आणि वाटीवरची नजर हलेल तर शपथ!"

बाबांचे खांदे हलायला लागले. वर्तमानपत्र नसल्यामुळे ते लपवता येईना. "बरं," ते कसेबसे गंभीर होत म्हणाले, "पण माझी गोष्ट?"

"मी संध्याकाळी येते ना, बाबा, त्याच्या आधी बोळ तापवून ठेवतात त्या. रोज. मी तुम्हाला सांगितलं होतं की विसरल्या म्हणून."

"ते तापाचं?"

"ताप नव्हता."

बाबा फोनमधून घरमालकिणीकडे बघत राहिले. सगळे आपल्याकडे बघताहेत हे पाहून तिनं केस चापून बसवले आणि संशयानं विचारलं, "काय? काय केलं मी?"

"हीटरचं सांगितलं त्यांना," धाकटी म्हणाली.

"त्यात काय सांगायचं? गारठून आलीस की खोकत बसतेस. माझी झोपमोड होते."

धाकटीनं हे जसंच्या तसं घरी ऐकवलं. बाबांनी मान हलवली, एखाद्या व्यवहारात समोरचा माणूस पक्का निघाला की हलवत तशी. मग म्हणाले, "आणि तुझं ते... गटार?"

"टाकी, बाबा."

"हां, टाकी. कुठवर आलं ते?"

आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. धाकटी फोनच्या जवळ सरकली. "निवळतेय," ती म्हणाली. "खालचा गाळ दिसतो आता वरून."

"अरे, जेवून बसलोय आपण..." आत्यानं सुरुवात केली.

"ताई, थांब जरा." बाबांनी शर्टाचं गळ्याजवळचं बटण सोडलं. "मग पुरी निवळू दे ती. कचेरीत मी कळवतो, त्यांना म्हणावं दुसरा माणूस बघा."

घरमालकिणीनं आधण ठेवलं. ओट्याकडे तोंड करूनच विचारलं, "चहा?"

धाकटीच्या जिभेवर नको नको अगदी येऊन उभं होतं. "हो," ती म्हणाली. "दोन चमचे साखर."

बहिणीचा चेहरा पडला. तिचा एक रविवार बुडाला होता.

"काय म्हणाली गं? चहा विचारला?" फोनमधून आत्यानं कान टवकारले. "कितीदा?"

"एकदाच."

"बघ! चिकट ती चिकटच," आत्या फार समाधानानं म्हणाली आणि आवाज खाली आणला, जसं काही त्या दोघींना सगळं कळत होतं. "आणि काय गं, त्या बहिणीच्या स्वेटरला गुंड्या आहेत की झाकण्या? पुढच्या रविवारी नीट बघून सांग."