सिताराची झील

पौर्णिमा मॅडमच्या तिसरीत वाचताना कुणी एकटं पडत नसे. खंजिरी भजनात बुवांचा दम संपला की मागचे झीलकरी ओळ उचलतात, तशीच इथली रीत होती. जो अडेल त्याची ओळ अख्ख्या वर्गाने उचलायची. मॅडमचे वडील जन्मभर झीलकरी, त्यामुळे लेकीने भजनातली झील सरळ मराठीच्या तासाला आणून बसवली. त्या झिलीने सिताराला तर तारलंच. एकटी बोलायला गेली की तिची जीभ अडायची, म्हणून पहिली-दुसरीत तिने वर्गात तोंडच उघडलं नव्हतं. आता सोबत मिळाली की पोरगी पानभर वाचून मोकळी व्हायची.

मूर्तिजापूरजवळच्या त्या शाळेत तपासणीचे साहेब येणार असं कळलं आणि मुख्याध्यापक चंद्रभान सरांनी लगेच मॅडमना गाठलं.

"मॅडम, सिताराले त्या दिवशी घरीच राहू द्या. सायबानं नेमकं तिलेच उठवलं तं?"

"माह्या वर्गातलं कोनीच घरी रायनार नाही, सर," मॅडम ताठ्यात म्हणाल्या. त्या ताठ्याची किंमत पुढे पोरीने मोजली.

साहेबांनी नेमकं तिलाच उठवलं. वाक्य साधं होतं, 'बाभळीखाली बकरी बसली.' सितारा 'बा'वरच अडली. वर्गाने सवयीने ओळ उचलली.

"हे काय, पाठांतर आहे का?" साहेब म्हणाले. "तिला एकटीला वाचू द्या. मॅडम, यांना गप्प करा."

मॅडमना सगळं समजावून सांगायचं होतं. पण दारात चंद्रभान सर घाम पुसत उभे होते, साहेब घड्याळ बघत होते. मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. पोरं ऐकणारी, लगेच गप्प झाली. सितारा 'बा... बा...' करत मॅडमकडेच बघत राहिली. शेवटी साहेबांनी दुसऱ्याला उठवलं. मॅडमना स्वतःची इतकी लाज वाटली की दुपारी डबा उघडवला नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी बजावलं, "सायब परत येनार हायेत. एकेकट्यानं वाचाची सवय लावा. मी व्हरांड्यात फिरूनच राहिलो. ऐकाचं नसन तं तिसरी नत्थुजीले द्या लागन मले."

नत्थुजी गुरुजी म्हणजे छडी. सिताराला त्यांच्या हाती द्यायचं, की आपणच गप्प करायचं? मॅडम हो म्हणाल्या. दुसरं करणार तरी काय होत्या?

त्यांनी दार लोटून घेतलं आणि अमोलला वाचायला उभं केलं. अमोल वर्गातला सगळ्यात तरबेज, पण तोही एका जोडाक्षराशी अडला. वर्ग मॅडमच्या तोंडाकडे बघत चूप बसून होता.

मग झील आली, ती एकट्या सिताराची. अडखळत, पण चांगली खणखणीत. मॅडमचा जीव सुपाएवढा झाला.

तेवढ्यात व्हरांड्यात चपला वाजल्या. मॅडमचा हात आपोआप वर गेला, बोट ओठांवर टेकलं. सितारा शब्द अर्धा टाकून थांबली. मॅडमचं बघून तिनेही आपलं बोट ओठांवर ठेवलं.

चपला पुढे गेल्या. मॅडमनी हात खाली घेतला. "म्हन बेटा," त्या हळूच म्हणाल्या, "गेले सर."

सिताराने नकारार्थी मान हलवली. बोट तिथेच होतं.