सात वर्षं उलट्या अंगाने

मी एक जुना एप्रन आहे. स्वयंपाक करताना अंगावरच्या कपड्यांना डाग पडू नयेत म्हणून पुढे बांधतात, तो. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली हकिकत सांगताना फार गोड बोलतात, असं मी ऐकलं आहे. माझ्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका. मी रागावलेलो आहे आणि माझ्या रागाला कारण आहे.

माझा जन्म १९७८ साली पौडला झाला. तिथल्या बाजारात नसीरभाईंचं कापडाचं दुकान होतं. त्यांची बहीण सुलताना शिवणकामात फार हुशार. गावातल्या महिला मंडळाने शिवणवर्ग काढला तेव्हा तिलाच शिकवायला बोलावलं. मंडळाच्या अध्यक्ष सारजाबाई. वर्गाची खोलीही त्यांच्याच घरची, म्हणजे त्यांचे यजमान हैबतराव यांच्या मालकीची. ही खोलीची गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे एका चांगल्या बाईची वाचा तिनेच घालवली.

वर्गात बारा बायका होत्या. त्यात एक सगुणाबाई. वय चौतीस. नवरा गेणबा बैलगाडी हाकायचा आणि ती दुसऱ्यांच्या खाचरात भात लावायला जायची. दर पावसाळ्यात तिच्या पायांची बोटं चिखलाने कुजायची. पाय असेच पाण्यात ठेवलेस तर पुढे चालणंही कठीण होईल, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. पण चिखलात उतरायचं नाही तर करायचं काय, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. म्हणून ती शिवणवर्गाला आली. आळीतल्या निम्म्या घरांच्या वाकळी, म्हणजे गोधड्या, तिने आणि तिच्या सासूने, तुळजाबाईने, हाताने शिवलेल्या होत्या. लोक चिंध्यांचं बोचकं आणून टाकायचे आणि तयार वाकळ घेऊन जायचे. त्याला कुणी काम म्हणत नसे.

त्या वर्षी एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरासाठी चाळीस एप्रन हवे होते. दोन्ही बाजूंनी घालता येतील असे, म्हणजे सकाळी एक बाजू मळली की संध्याकाळी दुसरी वर करता येईल. प्रत्येकीने एक नमुना शिवायचा, वसतिगृहाच्या बाई येऊन तो पाहणार, आणि जिचा नमुना पसंत पडेल तिला ते काम मिळणार. त्याबरोबर मंडळाकडे आलेलं एक नवं कोरं पायमशीनही तिच्या घरी जाणार होतं. सगुणाबाईला दुसरं काही नको होतं. ते मशीन आपल्या ओसरीवर यावं, आपण कोरड्या जमिनीवर बसून पाय हलवावेत, एवढंच.

सुलतानाने शिकवलं ते मला अजून पाठ आहे. आधी कागद मधोमध दुमडून त्याच्यावर अर्धा एप्रन आखायचा, बगलेचा गोलवा नीट काढायचा, मग कागद उलगडून त्याप्रमाणे दोन कापडं कापायची. माझी एक बाजू निळ्या फुलांच्या छिटाची, दुसरी हळदी रंगाच्या पॉपलीनची. निळ्या बाजूला आधी खिसा लावून घ्यायचा. मग दोन्ही कापडांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवायच्या, म्हणजे चांगलं अंग आत आणि उलट अंग बाहेर. गळ्याचे आणि कमरेचे बंद त्यांच्या मध्ये घालायचे, टोकं तेवढी कडेला. सगळीकडून टीप मारायची, पण खालच्या बाजूला चार बोटं जागा सोडायची. त्या जागेतून हात घालून सगळा एप्रन बाहेर ओढायचा की फुलं वर येतात, बंद बाहेर येतात. मग इस्त्री, मग ती चार बोटं जागा मिटवून काठावरून एक टीप. झाला एप्रन.

नवख्या बायकांच्या हातून काय काय झालं ते विचारू नका. एकीने खिसा उलटा लावला. दुसरीचे दोन्ही बंद शिवणीत अडकले. सगुणाबाईची टीप मात्र रेघेसारखी सरळ आली. तेवढ्यात संध्याकाळ झाली आणि सुलताना सगळ्यांना म्हणाली की, घरी न्या, सकाळी इथेच उलटवून इस्त्री करू. सगुणाबाई मला घडी घालून घरी घेऊन गेली. त्या घरात शिरताना मी किती खूश होतो, हे आज आठवलं तरी माझा मलाच राग येतो.

घरी तुळजाबाईने मला हातात घेतलं. तिने जन्मात एप्रन पाहिला नव्हता. तिने पाहिलं ते दुपदरी कापड, कडेने सुंदर टीप, आणि खाली चार बोटं उघडी राहिलेली. आता, वाकळ शिवणाऱ्या बाईला उघडी शिवण बघवत नाही. त्या घरात असं मानत की, उघडी राहिलेली वाकळ ज्याच्या अंगावर जाईल त्याला सुखाची झोप लागत नाही, म्हणून शेवटची कड मिटवल्याशिवाय वाकळ शिवणारी उठत नसे. सून दमून झोपली होती. सकाळी मोठ्या बाई येणार आणि हिचं काम अर्धवट, असं म्हातारीला वाटलं. तिने सुई घेतली आणि ती चार बोटं अशी मिटवली की मुंगीलाही आत जायला वाट राहिली नाही. किती प्रेमाने शिवलं, ते मला टाक्याटाक्याला कळत होतं. मी आतून ओरडत होतो की, बाई गं, विचार तरी. पण कापडाचं ओरडणं कोण ऐकतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसतिगृहाच्या बाई नेमक्या लवकर आल्या. त्यांना परतीची एसटी गाठायची होती. बाकीच्यांनी घाईघाईने आपापले नमुने उलटवले. सगुणाबाईने मला उलगडलं आणि जागा शोधू लागली. एकदा कडेने बोट फिरवलं, दुसऱ्यांदा फिरवलं, आणि ते उभे बारीक टाके तिच्या बोटांना लागले. कुणाचे आहेत ते तिला तेव्हाच कळलं. तिने सुलतानाकडे पाहिलं. वर्गात कात्री एकच, आणि ती सुलतानाच्या हातात होती. सगुणाबाईने नुसता हात पुढे केला.

तेवढ्यात सारजाबाई टेबलापाशी आल्या. त्यांनी मला दोन बोटांनी उचलून सगळ्यांना दाखवलं. उलटं अंग, कडेला लोंबणारे दोरे, बंद नाहीत, खिसा नाही. "सगुणे, एप्रन सांगितला हुता का उशीचा अभ्रा?" असं त्या म्हणाल्या आणि बायका हसल्या. पाहुण्या बाईही हसल्या.

एक शब्द पुरला असता. सासूने चुकून मिटवलं, असं सगुणाबाई म्हणाली असती तर. पण मग हसणं म्हातारीवर गेलं असतं आणि पुढचं वर्षभर बाजारात तिची टिंगल झाली असती. सगुणाबाई म्हणाली, "चुकलं माजं." सुलतानाची नजर त्या टाक्यांवरच होती. शिवणकाम शिकवणाऱ्या बाईला मशीनची टीप आणि हाताचा टाका यातला फरक कळत नाही, असं मला कुणी सांगू नये. तिने कात्री टेबलावर ठेवली, खिडकीतून बाहेर पाहिलं आणि मूग गिळून गप्प बसली. खोली हैबतरावांची होती ना.

काम वर्गातल्याच सारजाबाईंच्या भाचीला मिळालं. तिने चार एप्रन शिवले आणि कंटाळली, बाकीचे पुण्यातल्या शिंप्याकडून करून घेतले. नवं मशीन भाचीच्या नावाने सारजाबाईंच्याच घरी गेलं. त्याच्यावर भरतकामाचं कापड टाकून रेडिओ ठेवला गेला. आणि सगुणाबाई पुढच्या आषाढात पुन्हा चिखलात उतरली.

माझं काय झालं, तेही सांगतो. काम दुसरीला मिळालं, एवढंच सगुणाबाईने घरी सांगितलं. मला उसवलं असतं तर सासूला सगळं कळलं असतं, म्हणून तिने मला तसंच राहू दिलं. म्हातारीला वाटलं, भाकरी गुंडाळायचं नव्या पद्धतीचं फडकं असेल. मी भाकरीच्या दुरडीत तळाला गेलो. सात वर्षं. खालून बांबूच्या काड्या टोचायच्या, वरून भाकरीची वाफ. माझी फुलं आत अंधारात, माझा खिसा रिकामा, माझे बंद एकमेकांत गुरफटलेले. बाहेरून मी एक कळकट चौकोन. सणाला दुरडी धुवायला काढली की पोरंटोरं मला पायपुसणं समजून पाय पुसायची. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय, ते मला विचारा.

पण खरं सांगू, माझ्या फुलांपेक्षा मला दुसऱ्या गोष्टीचा राग जास्त यायचा. संध्याकाळी सगुणाबाई लावणीहून यायची, चुलीपुढे बसून पायाच्या बोटांत कोमट तेल सोडायची आणि दातावर दात दाबायची. म्हातारी म्हणायची, "तुज्या पायाला कुणाची नजर लागली." नजर कुणाची लागली नव्हती. मी दुरडीतून बघत होतो आणि मला बोलता येत नव्हतं.

१९८५च्या उन्हाळ्यात नात बाळंतपणाला येणार म्हणून तुळजाबाई बाळासाठी वाकळ शिवायला बसली. मधल्या पदराला जुनं मऊ कापड हवं, म्हणून तिने मला दुरडीतून काढलं. अंगावरून हात फिरवला तर आत काहीतरी दोरीसारखं लागलं. बाळाच्या अंगाखाली गाठ नको, म्हणून ती शिवण उसवू लागली. स्वतःचेच टाके. आत बोट घातलं आणि बंद ओढला. बंदामागून निळी फुलं आली, फुलांमागून खिसा. ओढता ओढता मी सगळाच बाहेर आलो. सात वर्षांत माझ्या फुलांना ऊन लागलं नव्हतं. इकडे तिकडे भाकरीच्या वाफेचे डाग होते, पण निळा रंग नसीरभाईंच्या दुकानात होता तसाच होता. म्हातारीने मला मांडीवर पसरलं.

सगुणाबाई त्या वेळी भाताच्या रोपांसाठी राब भाजायला, म्हणजे पालापाचोळा जाळून जमीन तयार करायला, गेली होती. राखेने माखून दारात आली आणि मला पाहून तिथेच थांबली. म्हातारीने विचारलं, तिने सांगितलं. सगळं, त्या हसण्यासकट. मला वाटलं, आता म्हातारी रडेल. ती रडली नाही. तिला जो राग आला तसा मी माणसाला आलेला पाहिला नाही.

"माजी चूक हुती तर माज्या पदरात टाकायची हुतीस," ती म्हणाली. "लोक हसले असते, मी म्हातारी, मला काय हुतंय? सात वरसं तू चिकलात उभी राहिलीस आन मी हितं तुज्या पायाची नजर काढीत बसले."

सगुणाबाई म्हणाली, "आत्याबाई, मला वाटलं..."

तशीच म्हातारी उठली. मला हातात धरून, सुनेला मागे घेऊन, भर दुपारी बाजारातून सुलतानाच्या दारात. सुलताना आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने मला ओळखलं आणि तांब्या खाली ठेवला.

"मावशी, मला त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "टाके हाताचे होते. कात्री माझ्या हातात होती."

तुळजाबाई तिला काय बोलली ते मी सांगत नाही. तुम्ही लहान आहात. पण त्यातला एकही शब्द जास्तीचा नव्हता. सुलतानाने सगळं ऐकून घेतलं, खोलीचं कारण तिने सांगितलं नाही. डोक्यावर पदर घेतला आणि तशीच सारजाबाईंकडे गेली. चार बायकांसमोर तिने त्या दिवशीची सगळी हकिकत सांगितली आणि मंडळाचं मशीन मागितलं. सारजाबाई म्हणाल्या की, गंजलेलं धूड आहे, घेऊन जा आणि उद्यापासून वर्ग दुसरीकडे भरव. वर्ग दुसऱ्या दिवशी नसीरभाईंच्या दुकानामागच्या पडवीत भरला. सात वर्षं ज्याची भीती होती, ते एवढंच होतं.

गेणबाने मशीन बैलगाडीतून ओसरीवर आणलं. सुलतानाने तीन दिवस बसून रॉकेलने गंज काढला, तेल सोडलं, नवा पट्टा घातला. चौथ्या दिवशी तिने खुर्ची सरकवली आणि सगुणाबाईला म्हणाली, बस. सगुणाबाईने दोऱ्याचं टोक ओलं केलं आणि सुईपाशी नेलं. दोरा बाजूने गेला. पुन्हा नेला, पुन्हा बाजूने गेला. पाच-सहा वेळा असं झालं.

मग तिने सुलतानाकडे पाहिलं. "बाई, तवा मी चौतीस वर्साची हुते," ती म्हणाली. "आता मला सुईचं नाकं दिसत न्हाई."



मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू शेवटी सांगतात की आम्हाला जपा. मला तसं सांगायचं नाही. मला सात वर्षं चांगलंच जपलं होतं, दुरडीच्या तळाशी. मी सांगतो, आम्हाला वापरा, मळवा, धुवा, उलटी बाजू वर करून पुन्हा मळवा. दुसऱ्याचं काम अर्धवट दिसलं तर हात लावण्याआधी विचारा. आणि कुणावर विनाकारण बोल येत असेल आणि खरं काय ते तुम्हाला माहीत असेल, तर त्याच वेळी तोंड उघडा. नंतर आलेल्या पश्चात्तापाने मशीनचा गंज निघतो, डोळे परत येत नाहीत.

आता मी सगुणाबाईच्या अंगावर असतो. पहिल्याच दिवशी माझ्यावर कालवण सांडलं, मी काही बोललो नाही. ती रोज मशीनवर बसते आणि पाय कोरडे असतात. सुलताना रोज सकाळी वर्गाला जाण्याआधी ओसरीवर येते, सुईत दोरा ओवून देते आणि जाते. पहिला महिनाभर सगुणाबाईने तिला चहा विचारला नाही. मला ते फार आवडलं.