मला मोरी कुणी केलं?

तुमचं ओतून झालं असेल तर जरा इकडे लक्ष द्या. मी बेसिन बोलतोय. नवजात बाळांच्या वॉर्डाबाहेर, दाराच्या डाव्या हाताला भिंतीवर होतो ना, तोच. आता हॉस्पिटलच्या मागच्या अंगणात कंपाउंडच्या भिंतीपाशी पालथा पडलोय. कुणी माझ्यावर बसतं, कुणी माझ्या कडेला चपलेची माती खरवडतं. त्याचं मला काही वाटत नाही. मला राग आलाय तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि तो ओकून टाकल्याशिवाय मी भंगारात जाणार नाही.

माझा जन्म पांढऱ्या मातीतला. साच्यात ओतलं, वाळवलं, वर चकाकी चढवली आणि भट्टीत घातलं. बाहेर आलो तेव्हा माल तपासणाऱ्या बाईनं मला टिचकी मारून बघितलं. आत कुठे तडा असला की आवाज बद्द येतो आणि तो नग बाजूला पडतो. माझा आवाज खणखणीत आला. "हे बेस आहे," ती शेजारणीला म्हणाली, "जाईल कुठंतरी चांगल्या जागी." आणि खरंच, माझे भाऊ कुणी खाणावळीत गेले, कुणी बसस्टँडवर, माझ्या वाट्याला मात्र आले नुकतेच जन्मलेले जीव. मी फुशारून गेलो होतो.

मला बसवणाऱ्या प्लंबरनं लांब चोचीचा नळ लावला आणि तो सोडून हॉस्पिटलच्या साहेबांना दाखवला. "बघा साहेब, धार थेट जाळीवर. बेसिनमध्ये थेंब साचायचा नाही." साहेबांनी मान डोलावली. सगळ्यांनाच ते छान वाटलं. माझ्या शेजारी, अगदी हाताशी, एक स्टीलची फळी ठोकली. तिच्यावर बाळांच्या दुधाच्या वाट्या-चमचे ठेवायचे, सुया भरायच्या. डोक्यावर पाटी लागली: 'आत येण्याआधी हात धुवा.'

पहिले काही महिने माझा मान राहिला. लोक यायचे, साबण लावायचे, बोटांच्या बेचक्यांतून चोळायचे. मग एक दिवस मोठ्या सिस्टर आल्या. मोठ्या सिस्टर म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख. त्यांच्या पायांचा आवाज आला की शिकाऊ पोरी भिंतीला चिकटून उभ्या राहत. मागे मावशी होत्या, वॉर्डाची झाडलोट करणाऱ्या, सगळ्यांच्याच मावशी. त्यांच्या हातात उरलेल्या दुधाचं भांडं होतं आणि त्या व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या मोरीकडे निघाल्या होत्या.

"एवढ्याशासाठी पार तिकडे कशाला जाता?" सिस्टर म्हणाल्या. "ओता इथंच आणि वरून पाणी सोडा."

मावशींनी ओतलं. त्या दिवशी माझी मोरी झाली.

एकदा सुरुवात झाल्यावर काय, सगळ्यांनाच मी सापडलो. उरलेलं दूध माझ्यात, बाटलीच्या तळचं ग्लुकोज माझ्यात. सुईत उरलेले औषधाचे चार थेंब माझ्यात. मोठे डॉक्टर तर रोज राउंड संपला की गार झालेला चहा माझ्यात रिकामा करायचे, आणि त्याच हातानं नळाला बोटं दाखवून आत जायचे. त्याला ते हात धुणं म्हणत. माणसाला एवढी साधी गोष्ट कळू नये? जिथं हात धुवायचे तिथं उष्टं ओततात का? तुमच्या घरी ताटात चूळ भराल का?

माझ्या खाली वाकडी नळी असते. तिच्यात पाणी कायम साचून राहतं, वास वर येऊ नये म्हणून. तिथं जंतूंना हे सगळं आयतं मिळालं. दूध मिळालं, साखर मिळाली, वॉर्डाची ऊब होतीच. औषध तर इतकं थोडं मिळायचं की ते मरायचे नाहीत, उलट त्याला सरावायचे. बघता बघता नळीच्या आत बुळबुळीत थर चढला, जाळीपर्यंत आला. आणि वरून ती कौतुकाची धार थेट जाळीवर आपटायची. तिथून उडणारे शिंतोडे इतके बारीक की डोळ्यांना दिसायचे नाहीत. ते जाऊन बसायचे फळीवर, वाट्यांवर, चमच्यांवर. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड आहे ते फक्त गिळायला.

याच सुमारास ती आली. निळ्या हातांची बाई.

ती कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला होती. रोज मनगटापर्यंत हात रंगाच्या पिंपात. रंग कातडीत मुरलेला, नखांच्या कडांना तर अगदी काळानिळा. तिची मुलगी फार लवकर जन्मली होती, टॉवेलच्या घडीत मावेल एवढी. आईनं रोज आत जाऊन तिला छातीशी धरायचं, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. तिला सगळे 'निळी' म्हणायचे. आधी मागून म्हणायचे, मग तोंडावर.

मी शपथेवर सांगतो, माझ्यापाशी तिच्यासारखे हात कुणी धुतले नाहीत. बाह्या वर, बांगडी काढून पदराच्या गाठीला, साबणाचा फेस कोपरापर्यंत. ती धुवायची तेव्हा मला आपण बेसिन असल्यासारखं वाटायचं.

मग खिडकीशेजारचा बसड्रायव्हरचा मुलगा आजारी पडला. सकाळी दूध घेईना, दुपारी अंग गार पडलं. त्याचं रक्त तपासायला गेलं, पण निकाल यायच्या आत पोर गेलं. ड्रायव्हर माझ्यासमोरच्या बाकावर बसून होता.  लगेच आणखी दोन बाळांना ताप भरला आणि वॉर्ड हादरला. खापर फोडायला एक डोकं हवं होतं. मोठ्या सिस्टरांची नजर निळ्या हातांवर गेली.

"हे असले हात घेऊन तू रोज बाळाला शिवतेस?"

"सिस्टर, हा रंग आहे. निघत नाही. बघा, कातडं सोललं घासून घासून."

"वरचं निघत नाही तर आतलं काय निघणार?"

मोठे डॉक्टर तिथंच कप हातात घेऊन उभे होते. त्यांनी तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. "काही दिवस तिला आत सोडू नका," म्हणाले, आणि उरलेला चहा माझ्यात ओतून निघून गेले. त्या वेळी मला फुटता आलं असतं तर मी त्यांच्या पायावर फुटलो असतो.

तेव्हापासून ती काचेबाहेर उभी राहायची. पण यायची ती आधी माझ्याकडे. तसाच कोपरापर्यंत फेस, तशीच बांगडी पदराच्या गाठीला. एका शिकाऊ सिस्टरनं तिला विचारलं, "आत तर जायचं नाही, मग धुतेस कशाला?"

"उगाच नाही गं. बोलावलं एकदम तर?" ती म्हणाली.

तिला कुणी बोलावलं नाही. आणि तिच्या मुलीला लागण झाली ती यानंतर, बऱ्याच दिवसांनी. आता तुम्हीच सांगा. जिला बाळाला हात लावू दिला नाही, तिच्या हातांनी बाळाला आजार कसा झाला? शाळेतल्या पोरालाही कळेल हे. पण एवढी शिकलेली माणसं, एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. उलट सगळे जास्तच हात धुवून तिच्या मागे लागले. तिची सासू माझ्यापाशी उभी राहून पुटपुटली, "तरी मी म्हणत होते, सोड ते रंगाचं काम. तुझ्याच हातांनी आणलंस हे."  निळीनं पदराखालून भांडी घासायची तारेची घासणी काढली आणि हात घासायला लागली. माझ्या पांढऱ्या अंगावरून लाल पाणी गेलं. हात निळे ते निळेच राहिले.

शेवटी लॅबच्या डॉक्टरीणबाई वर आल्या. ठेंगण्या, घाईत असलेल्या, बोलायला फटकळ. त्यांनी आधी बाळांच्या रक्तातला जंतू वाढवला आणि तो कुठल्या औषधाला मरतो ते शोधलं. चालू होतं ते औषध त्याला पाण्यासारखं होतं. हे ऐकून मला नवल वाटलं नाही, तेच औषध तर रोज थेंबथेंब माझ्यात यायचं. औषध बदललं. तीन-चार दिवसांत निळीच्या मुलीनं पुन्हा चमचा चोखायला सुरुवात केली, बाकीची दोघंही सावरली.

मग बाई हा जंतू आला कुठून त्याच्या मागे लागल्या. त्यांनी सगळं कापसाच्या काडीनं पुसून घेतलं. वजनकाटा पुसला, दूध घेतलं, फळी पुसली, प्रत्येकाचे हात पुसले, निळीचे तर दोनदा. नळाचं पाणी स्वच्छ निघालं. निळीच्या हातांवर तो जंतू नावालाही नव्हता. फळीवर होता. मग त्यांनी लांब काडी माझ्या जाळीतून खाली घातली, बाहेर काढली आणि नाक मुरडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या जाळीत कसलंसं चमकणारं पाणी ओतलं. बाळांच्या घरच्यांना खाली पाठवलं, पडदे ओढले, वॉर्डात काम करणाऱ्या सगळ्यांना उभं केलं आणि नळ सोडला. थोड्या वेळानं हातातला जांभळा दिवा लावला. फळीवर हिरवे ठिपके चमकत होते. वाट्यांत ठिपके, चमच्यांवर ठिपके. मोठ्या सिस्टर जवळच उभ्या होत्या, त्यांच्या परीटघडीच्या युनिफॉर्मवर छातीपर्यंत ठिपके.

"यात काय काय ओतता तुम्ही?" बाईंनी विचारलं.

मावशींनी सिस्टरांकडे बघितलं. सिस्टरांनी डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बेसिनच खराब आहे हे. काढून टाका."

वा रे वा! सगळ्यांनी हात झटकले, आणि तेही माझ्यावरच. मला आवडलं ते लॅबच्या बाईंचं. "नुसतं बेसिन बदलून काय होणार, डॉक्टर?" त्या म्हणाल्या. "ओतणं बंद करा. धार जाळीवर पडणार नाही असा नळ लावा. फळी इथून हलवा. आणि हो, त्या आईला आत घ्या. तिचे हात स्वच्छ निघालेत, ते तिला नीट सांगा."

"हो हो, सांगतो ना," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी सांगितलं नाही. सिस्टरांनीही सांगितलं नाही. कारण ते सांगायचं तर पुढचं वाक्यही सांगावं लागलं असतं, की मग कुणामुळे झालं. दार उघडून सिस्टर तिला एवढंच म्हणाल्या, "जा आत." ती बिचारी त्यांच्या पाया पडायला वाकली. तिला वाटलं, आपल्याला माफ केलं.

त्यानंतर मला छिन्नीनं उचकटून काढलं. माझ्या जागी नवं बेसिन बसलं. आखूड नळ, फळी लांब, वर दुसरी पाटी: 'यात काहीही ओतू नये.' हे नवं पोरगं नशीबवान आहे. त्याच्याबद्दल मला असूया नाही, पाटी वाचणारी माणसं मिळोत एवढंच.

परवा ती मुलीला तपासायला घेऊन आली होती. नंबर लागायला वेळ होता, म्हणून सावली बघून अंगणात माझ्यावर येऊन बसली. मुलगी चांगली गुटगुटीत झालीय. सासूच्या मांडीवर होती आणि आईकडे झेपावत होती. आईनं तिला घेतलं, आणि मी बघितलं, तिच्या हातांत पांढरे मोजे होते. जुन्या चादरीचे, घरी शिवलेले, कोपरापर्यंत.

मावशी बादली घेऊन आल्या. "अगं, एवढ्या उकाड्यात हातमोजे कसले?"

"असू देत मावशी."

"सासूबाई, हे काय हो?"

सासूनं मान फिरवली. "मी सांगून थकले. अंघोळ मी घालते, तेल मी लावते. ही लांबून टॉवेल देते."

"एकदा झालं तेवढं पुरे," ती म्हणाली. "तो ड्रायव्हरचा मुलगा अजून डोळ्यांसमोर येतो माझ्या. उघड्या हातांनी नाही शिवत मी हिला."

मावशींचं तोंड उघडलं. त्यांना सगळं ठाऊक होतं, त्या दिव्याच्या वेळी त्या तिथंच होत्या. मी म्हटलं, बोला मावशी, आता तरी बोला. पण दूध ओतणारे हात त्यांचेही होते, आणि वर खिडकीत मोठ्या सिस्टरांचा आवाज येत होता. "जप हो पोरीला," एवढं म्हणून त्यांनी बादली उचलली आणि ती लांब गटारीत नेऊन ओतली. तेवढं आता सगळे शिकलेत.

पोर मोज्याचं बोट धरून ओढत होती. मोजा निम्मा निघाला, निळं मनगट दिसलं. आईनं घाईघाईनं तो वर ओढला आणि मुलीला सासूकडे परत दिलं.

माझं आता काय व्हायचं ते होईल. तुकडे करून रस्त्याच्या भरावात टाका, माझी तक्रार नाही. पण पुढच्या महिन्यात ती पुन्हा येणार आहे, पुन्हा इथंच सावलीला बसेल. मला बोलता येत नाही आणि ज्यांना बोलता येतं त्यांना धीर होत नाही. म्हणून तुमच्यापैकी कुणीतरी त्या दिवशी इथं या. तिच्या शेजारी बसा आणि तिला सांगा, की बाई, काढ ते मोजे, तुझे हात पहिल्या दिवसापासून स्वच्छ होते.