कडूबाईंनी पाजलेलं पाणी

मित्रांनो, गोठ्यात मोडक्या पाभरीशेजारी जी काळी पेटी पडली आहे ना, ती मी. एक जुनी, सहा व्होल्टची बॅटरी. कोंबड्या माझ्यावर बसतात आणि मला हूं की चूं करता येत नाही.

माझ्या पोटात शिशाच्या पट्ट्या आणि जहाल आंबट पाणी भरून कारखान्याने मला जगात धाडलं. मी नगरला एका मोटरसायकलवर होते. ती भंगारात गेली, तेव्हा सहादेवने मला शेवगावकडच्या आपल्या गावी आणलं. गावात वीज नव्हती. दोन तारा जोडून त्याने मला घरच्या ट्रान्झिस्टरला जुंपलं. सेल एकदा संपले की उकिरड्यावर जात. मी मात्र सायकलवरून शेवगावला जाऊन पुन्हा भरून येत असे. पण कौतुक कुणाचं? ट्रान्झिस्टरचं! त्याला सहादेवच्या आईने, कडूबाईंनी, वेलबुट्टीचं कापड शिवलं. मला गोणपाट. राग येणार नाही तर काय!

तरी माझी विचारपूस त्या एकट्याच करत. एकदा त्यांनी सहादेवला विचारलं, "आरं, हिच्यात असतं तरी काय?"

"पानी असतं. तुला काय करायचंय?" एवढं बोलून तो निघून गेला.

बहात्तर सालच्या दसऱ्याआधी पत्र आलं. नगरला मास्तरणीचं शिक्षण घेणारी त्यांची लेक विजयमाला पुण्याच्या रेडिओवर जात्यावरच्या ओव्या म्हणणार होती. ओव्या कडूबाईंच्याच, जात्यापाशी लेकीला शिकवलेल्या. कार्यक्रम एकदाच लागणार होता, दुपारी. सहादेवने मला आदल्या दिवशी गच्च भरून आणलं. मी तर फुलून गेले होते.

त्या दिवशी सकाळी कडूबाईंनी घरातली भांडी घासली, रांजणातलं शिळं पाणी फेकून ताजं भरलं. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"बाई गं, तुझ्या पोटात बी शिळंच आसंल की," असं म्हणत त्यांनी माझी बुचं काढली आणि मला अंगणात उपडी केली! अहो, तेच तर माझं बळ होतं! चुनखडीची माती फसफसली, लुगड्याच्या काठाला भोकं पडली. दुष्काळाचं साल, प्यायच्या पाण्याची मारामार. अशा वेळी त्या माउलीने पैठणहून आणलेला गोदामाईच्या पाण्याचा जपून ठेवलेला तांब्या माझ्यात रिता केला. वर हळदकुंकूही वाहिलं. करायला गेली गणपती आणि झाला मारुती! मी आतून ओरडत होते, पण बॅटरीचं ऐकतं कोण?

दुपारी शेजारणी जमल्या. सहादेवने बटण फिरवलं. साधी खरखरसुद्धा नाही.

"आई, हिला काय केलंस?"

"शिळं पानी काढून गंगंचं घातलं. का रं?"

सहादेव कपाळाला हात लावून टॉर्चचे सेल मागत गावभर धावला. सेल जमून ट्रान्झिस्टर बोलू लागला, तेव्हा त्यावर बाजारभाव चालू होते. कडूबाईंनी तेही शेवटपर्यंत ऐकले, न जाणो लेक पुन्हा म्हणेल म्हणून. मला इतकी चीड कधीच आली नव्हती.

दिवाळीला विजयमाला आली. दारातूनच तिने विचारलं, "आई, ऐकलंस का गं?"

"ऐकलं की. लई ग्वाड म्हनलीस," कडूबाई म्हणाल्या. सहादेव खाली मान घालून बैलांना चारा टाकायला गेला.

म्हणून सांगते, मित्रांनो, बॅटरीत दुकानातून आणलेलं बॅटरीचंच पाणी घाला आणि आतलं आंबट पाणी कधी ओतू नका. ते हात भाजतं. बाकीच्या वस्तू हेळसांडीने मरतात. मी मायेने मेले, मग बोल कुणाला लावू? कडूबाईंना तर मुळीच नाही. त्यांनी आधी विचारलं होतं. घरातल्या कुणी विचारलं, तर नीट सांगत जा.