सहा टेबलांची लाल बटणं

बाळंतपणाची रजा संपवून ती प्रयोगशाळेत परतली, तेव्हा तिच्या खुर्चीच्या पाठीवर दुसऱ्याच कुणाचं तरी जॅकेट टांगलेलं होतं. नव्या सरांचं. तिच्या जागी आठ महिन्यांपुरते आले आणि असे रुजले, की पोरं आता त्यांच्याच मागेमागे. त्यांनी काम केलं होतं, यात वाद नाही. सहा टेबलांवरची सहा ड्रिल मशीनं पूर्वी कपाटाएवढ्या जुनाट पॅनेलवर चालायची. आता प्रत्येक मशीनशेजारी पंजाएवढा एक हिरवा बोर्ड होता. अख्खा कॉम्प्युटर तेवढ्यात. पोरांनी प्रोग्रॅम लिहायचा, बोर्डानं मोटर चालवायची.

"तुम्ही फक्त सुरक्षेच्या कागदावर सही करा," विभागप्रमुख म्हणाले. "सोमवारी पहिली तुकडी."

सही करायची तर बघून करायची. ती टेबलाखाली वाकली आणि मशीन तातडीनं थांबवायच्या लाल बटणाची वायर चिमटीत धरून शेवटपर्यंत गेली. वायर मोटरच्या विजेकडे जातच नव्हती. ती बोर्डाकडे जात होती. म्हणजे बटण दाबलं की बोर्डाला निरोप जाणार, आणि बोर्डाला सवड असली तर तो मोटर थांबवणार.

"अहो, तोच तर पहिला धडा आहे," नवे सर हसले. "बटण दाबलंय का, ते प्रोग्रॅमनं वाचायला शिका. पोरांना जाम आवडेल."

"आणि प्रोग्रॅम अडकला तर?"

"तीन महिने चालवतोय, मॅडम. एकदाही अडकला नाही."

"तुमचा नाही अडकला. पोरं आयुष्यातला पहिला लिहिणार आहेत."

दाराशी उभे असलेले मेकॅनिककाका म्हणाले, "बाळ झालं की होतं असं. आमची सून पाळणा हलवायच्या आधी चारही पाय तपासते. पाळण्याचे हो, बाळाचे नव्हे!"

सगळे हसले. तीही हसली, न हसून करते काय? पण मनातून ती चरकली. रात्री दहादा उठून बाळाच्या नाकाशी बोट धरणारी बाई ती. कुठली भीती खरी आणि कुठली नुसती अंगवळणी पडलेली, हे हल्ली तिचं तिलाच कळेनासं झालं होतं.

जेवायच्या सुट्टीत सगळे घोळक्यानं गेले. तिला कुणी चला म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी तिला जाता आलं नसतं. शेजारच्या सामानाच्या खोलीत जुन्या मोटरींच्या खोक्यांमध्ये स्टूल ठेवून, दाराला आतून कडी लावून तिनं बाळासाठी दूध काढलं आणि घरी फोन लावला.

"आई, झोपला का?"

"अगं, अर्ध्या तासापूर्वी तर विचारलंस," सासूबाई म्हणाल्या. "तू तुझं काम कर बरं."

मग परगावी नोकरीला असलेल्या नवऱ्याला तिनं फोनवर बटणाचं सांगितलं. "तुला वाटतं तसं कर," तो म्हणाला. त्याला मीटिंगला जायचं होतं.

ती रिकाम्या प्रयोगशाळेत आली. पहिल्या टेबलाशी बसून तिनं नवखं पोर लिहील तसा प्रोग्रॅम लिहिला: मोटर सुरू कर, शंभरपर्यंत मोज, मग बटण बघ. फक्त आकडा पुढे सरकवायची ओळ गाळली. मोटर सुरू झाली. बोर्ड एकावरच अडकून बसला. तिनं लाल बटण दाबलं.

ड्रिल फिरतच राहिलं.

तिनं पुन्हा दाबलं. मग अंगठा बटणावरून उचललाच नाही. टोक गरगरत होतं आणि एखाद्या पोराची सैल बाही तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. शेवटी तिनं भिंतीतला प्लग ओढला. गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिला आपल्या भीतीचा भरवसा वाटला. सांगणार कुणाला?

सगळे जेवून आले तेव्हा तिनं मशीन पुन्हा सुरू केलं. "सर, दाबा," ती विभागप्रमुखांना म्हणाली. त्यांनी दाबलं. मग अंगठ्यानं, मग तळहातानं; ड्रिल फिरतच होतं.

"हे तुम्ही मुद्दाम घडवून आणलंत," नवे सर म्हणाले.

"हो. पोरांकडून चुकून होईल. फरक तेवढाच."

विभागप्रमुखांनी स्वतः प्लग काढला. "सोमवारच्या आत बदला. पण जोडीला माणूस मागू नका."

नव्या सरांनी खुर्चीवरचं जॅकेट उचललं आणि ते तिच्याकडे न बघता निघून गेले. काका पहिलं टेबल होईपर्यंत टॉर्च धरून थांबले. "खरं होतं हो तुमचं," एवढं पुटपुटले आणि बसची वेळ झाली म्हणून निघाले.

उरलेली पाच तिनं एकटीनं केली. बटण थेट मोटरच्या विजेच्या वाटेत आणलं, मध्ये बोर्ड नाही, कुणीच नाही. नव्या सरांचा धडा मात्र मोडला नाही. बटणाच्या पोटात वायर जोडायला आणखी एक वेगळी जागा होती, तिथून बोर्डाला निरोप जाईल अशी सोय केली. दर टेबलावर तोच अडकलेला प्रोग्रॅम चालवून ती बटण दाबायची. खट्. शांत.

सहाव्या टेबलाशी फोन वाजला.

"झोपला गं," सासूबाईंचा आवाज कौतुकानं भरला होता. "आज तुझ्याविना झोपला. एकदासुद्धा रडला नाही बघ. आता सावकाश ये, घाई करू नकोस."

"बरं झालं," ती म्हणाली.

तिनं फोन ठेवला. मग कागदावर सही केली, तारीख घातली. निघायचं तर सगळं आवरलं होतं, पण घरी आज तिच्यावाचून काही अडलं नव्हतं. ती पहिल्या टेबलाशी गेली, गरज नसताना मशीन सुरू केलं आणि ड्रिलची घरघर थोडा वेळ ऐकत राहिली.

मग बटण दाबलं. ते थांबलं. तिनं पिशवी उचलली.