बाळाबाईची नोंद

“ताई, ह्यो ‘श.’ कोण?” प्रसेनजीतनं छापलेलं पान टेबलावर ठेवलं.

राजमतीनं चष्मा पुसला आणि संदर्भसूची जवळ घेतली. श्रीकांत उगारे यांचं ‘उगारे, श.’ झालं होतं. मुलाखत दिलेला केरबा आता नुसता ‘क.’ होता. संगणकातल्या वर्डनं प्रत्येक नावाचं पहिलं अक्षर ठेवून बाकीचं काना-मात्रेसकट छाटलं होतं, आणि मुलाखतींच्या नोंदींत मध्येच इंग्रजी शब्द घुसवले होते.

“त्याला इंग्रजी नावांची सवय हाय,” ती म्हणाली. “थांबा, बघतो मी.”

हे २००८ साल. राजारामपुरीत गणपतरावांचं टायपिंगचं दुकान होतं आणि राजमती खोत तिथं बावीस वर्षं काम करत होती. आधी टाइपरायटरवर, मग संगणकावर. दोनशेच्या वर प्रबंध तिच्या बोटांखालून गेले होते. प्रसेनजीत एका ज्युनिअर कॉलेजात शिकवायचा. राधानगरीकडच्या बायकांच्या तोंडी असलेले भातशेतीचे शब्द गोळा करून त्यानं प्रबंध लिहिला होता. तो द्यायला तीन आठवडे उरले होते.

गणपतराव आपल्या खुर्चीतून म्हणाले, “बाई, यादी हातानं टाइप करून मोकळ्या व्हा की. कशाला त्या मशीनच्या नादाला लागताय?”

“हातानं केली की एक प्रकरण हललं तरी सगळी परत तपासाय लागती, मालक. आणि तपासताना सुटतंय. माझ्या हातनं सुटलंय.”

गणपतराव पुन्हा हिशेबाच्या वहीकडं वळले. त्यांना ठाऊक होतं. १९९४ साली कुसुम ऐनापुरे नावाच्या मुलीचा प्रबंध राजमतीनं टाइप केला होता. शेवटच्या आठवड्यात प्रकरणं मागंपुढं झाली, पानं नव्यानं काढली, आणि मजकुरातली अकरा नावं यादीत यायची राहून गेली. प्रबंध परत आला. कुसुमचं तेव्हाच लग्न ठरत होतं. दुरुस्त करून देते, असं सांगायला राजमती दोनदा तिच्या घरी गेली. दुसऱ्या वेळी कुसुमची आई दारातच म्हणाली, “ऱ्हाऊ दे आता.” कुसुमनं तो प्रबंध पुन्हा दिलाच नाही.

दुपारची गिऱ्हाइकं कमी झाली की राजमती कामाला बसे. ज्या फाईलच्या हुकुमानं वर्ड यादी मांडत होतं, ती तिला दोन दिवसांनी एका फोल्डरच्या पोटात सापडली. तिची एक प्रत बाजूला ठेवून तिनं ती नोटपॅडमध्ये उघडली. हजारो ओळी, सगळ्या इंग्रजी आणि कंसांनी भरलेल्या. तिचं इंग्रजी बारावीपर्यंतचं. पण ओळ न ओळ बघायची सवय होती. एका वेळी एकच ओळ बदलायची, वहीत लिहायची, यादी काढून पाहायची, असं तिनं ठरवलं. एकदा एक कंस चुकून पुसला गेला आणि अख्खी यादीच नाहीशी झाली. ती शांतपणे उठली, चूळ भरून आली, आणि जुनी प्रत घेऊन पुन्हा पहिल्यापासून लागली. भारनियमनात वीज गेली की ती वही घेऊन दारात उजेडाला बसायची आणि पुढची ओळ शोधून ठेवायची.

नवव्या दिवशी ‘श.’चा श्रीकांत झाला. इंग्रजी शब्दाच्या जागी ‘मुलाखतकार’ आला. राजमतीनं प्रसेनजीतला फोन करून बोलावलं.

यादी पाहताना दोघांचं लक्ष एकदमच वरच्या ओळीवर गेलं. सगळ्यांच्या आधी, ‘अ’च्याही वर, एक स्वल्पविराम होता आणि त्याच्यापुढं ‘बाळाबाई’.

“आडनावाची जागा रिकामी हाय,” राजमती म्हणाली. “म्हणून ही वर जाऊन बसली. काय आडनाव हिचं?”

प्रसेनजीत ओशाळला. “विचारलंच न्हाई, ताई. चार वर्षं शब्द विचारायला जातोय तिच्याकडं. सगळी बाळाबाईच म्हणत्यात. माझे मार्गदर्शक म्हणाले, आडनाव नसेल तर नोंद गाळा.”

राजमतीनं मजकुरात ते नाव शोधलं. “छत्तीस जागी हाय ही. आत छत्तीसदा आणि यादीत एकदाबी न्हाय? असला प्रबंध माझ्या हातनं जायचा न्हाय, सर. जावा, विचारून या.”

तो रविवारी राधानगरीला गेला. सोमवारी थेट दुकानात आला.

“बाळाबाई श्रावणात वारली,” तो म्हणाला. “मला कुणी कळवलं न्हाई. तिची भईण भेटली, तानूबाई. नवऱ्यानं टाकली तेव्हा बाळाबाई बावीस वर्षांची होती. त्याचं आडनाव तिनं परत लावलं न्हाई. बापानं घरात घेतलं न्हाई, म्हणून त्याचंबी न्हाई. दुसऱ्याच्या रानात भात लावत एकटीच ऱ्हायली. तानूबाई म्हणाली, बाळाबाईच लिवा, तिला तेच चालत हुतं.”

“मग तेच लिवायचं,” राजमती म्हणाली.

त्यासाठी आणखी तीन दिवस गेले. आडनाव नसेल तर स्वल्पविराम घालायचा नाही, आणि त्या माणसाला त्याच्या नावाच्याच अक्षराखाली बसवायचं, एवढं त्या फाईलला पटवून द्यायचं होतं. चौथ्या दिवशी दुपारी यादी काढली तेव्हा वरच्या ओळीत तो स्वल्पविराम नव्हता, तिथं ‘अ’चं नाव होतं, आणि बाळाबाई ‘ब’मध्ये होती. राजमतीनं मजकुरातलं एकेक नाव यादीशी ताडून पाहिलं. एकशे एकेचाळीस. एकही सुटलं नव्हतं. मार्गदर्शकांनी यादीवरून दोनदा नजर फिरवली आणि सही केली.

प्रबंध वेळेत गेला.

डिसेंबरात तानूबाई डोळे तपासायला कोल्हापूरला आली. प्रसेनजीत तिला दवाखान्यातून दुकानात घेऊन आला. राजमतीनं आपली खुर्ची तिला दिली, यादी उघडली आणि अक्षरं मोठी केली.

“ही बघा आजी, तुमची बाळाबाई.”

तानूबाईला वाचता येत नव्हतं. तिनं पडद्याला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं.

“हितं बी एकलीच हाय का?”

“न्हाय की. एकशे एकेचाळीस जणं हायती.”

“शेजारी कोण हाय?”

“वरल्या अंगाला श्रीपाल बागेवाडी, पुण्याचे प्राध्यापक. खाली आदिती बिरनाळे. त्यांनी भाताच्या जातींवर पुस्तक लिवलंय.”

“भातावर?”

“व्हय.”

तानूबाई पदर सावरून नीट टेकून बसली.

“मग बोलत बसंल ती,” ती म्हणाली. “बाकीची बी वाचा की. ऐकतो मी.”

राजमतीनं स्टूल ओढून घेतलं, यादी ‘अ’वर नेली आणि वाचायला सुरुवात केली.