राजाच्या गालावरचा अंगठा

मी पेनी बोलतोय. विलायतेची, तांब्याची, जवळजवळ अडीच तोळे वजनाची. नाव बायकी आहे, त्याला माझा इलाज नाही; मी बाप्या आहे आणि म्हातारा आहे. मला शाळा नाही. अंगावर अक्षरं आहेत, पण ती मला वाचता येत नाहीत. लोक वाचतात तेव्हा कळतं, साल सतराशे सत्त्याण्णव, आणि माझ्या तोंडावरचा जाड मानेचा माणूस म्हणजे तिसरा जॉर्ज राजा. पाठीवर एक बाई त्रिशूळ धरून बसलीय. बसलीय ती बसलीच आहे, एकदा उठली नाही.

बर्मिंगहॅमला वाफेच्या यंत्रानं एका दणक्यात मला जन्माला घातलं. खिसा फाटतो म्हणून लोक मला शिव्या द्यायचे. पुढं कुण्या गोऱ्या शिपायाच्या पेटीतून हिंदुस्थानात आलो आणि लाहोरला एका दुकानदाराच्या तराजूत वजन म्हणून पडलो. हळद तोलली, केशर तोललं. फाळणीत तो दुकानदार घर सोडून पळाला, तेव्हा त्यानं कमरेच्या गाठीला मला बांधलं. सोनं का नाही बांधलं, ते मला विचारू नका. घाईत माणूस हाताला लागेल ते उचलतो.

त्याचा मुलगा तरलोचनसिंग. त्यानं चंदीगडला सेक्टर सतरात जुन्या नाण्यांचं लहानसं दुकान टाकलं. मी काचेखाली. विकायला नाही, नुसता दाखवायला.

तरलोचनसिंगाचा एकुलता एक मुलगा मनजीत. कॉलेजात जाणारा, ताडमाड, सदा तोंड चालू. एका हिवाळ्यात तो पिन्नी खात दुकानात आला. पिन्नी म्हणजे तिकडचा तुपातला लाडू. तसाच हात घालून मला उचललं आणि अंगठा थेट राजाच्या गालावर दाबला.

"ओए, कडेला धर, कडेला!" बाप ओरडला. "राजाला तूप चोपडतोस?"

"राजा वाळलाय, पापाजी. खाऊ दे थोडं."

ही बोलणी पंजाबीत झाली. मराठी मी पुढं शिकलो, म्हणून तुम्हाला मराठीत सांगतोय.

बापानं मला कापडानं टिपलं, पण घाम आणि तूप तांब्यात शिरायचं ते शिरलंच. दोन-तीन महिन्यांत राजाच्या तपकिरी गालावर अंगठा उमटला. एकेक रेघ मोजावी असा. मग काय! येईल त्या गिऱ्हाइकाला सरदारजी दाखवायचा, "हा बघा, आमच्या गाढवाचा अंगठा. नाणं असं धरायचं नसतं." मनजीत मागून हसायचा. किंमत माझी गेली, पण खरं सांगतो, मला राग आला नाही. तोवर मला सगळ्यांनी मोजलं होतं नाहीतर तोललं होतं. जेवू घालणारा तेवढा एकच.

ते दिवस पंजाबात वाईट होते. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साल, एकीकडं अतिरेक्यांची दहशत, दुसरीकडं पोलिसांची. बाजार लवकर मिटायचा. बसमध्ये चढलेला माणूस आधी शेजाऱ्याचं तोंड बघायचा, मग बसायचा. अशात एक दिवस शोभनाबाई आल्या. साताऱ्याकडच्या. नवरा मेजर, राहायला चंडीमंदिरच्या छावणीत. वडिलांच्या पेटीत त्यांना व्हिक्टोरिया राणीचा एक शिलिंग सापडला होता. म्हणाल्या, "अंकलजी, मला ब्रिटिश नाणी जमवायचीत. सुरुवात कुठून करू?"

सरदारजी खूश. सैन्यातल्या बायका शाली बघायला येतात, ही नाणी विचारतेय! चहा मागवला. "घाई करू नकोस, बेटी. सोन्याच्या मागं लागू नकोस. आधी एकच राजा धर, त्याची तांब्याची नाणी घे, अक्षरं साफ दिसतील तीच घे. नाणं कडेला धरायचं. ठेवायचं कागदात, प्लास्टिकमध्ये नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट..."

तेवढ्यात फोन वाजला.

मनजीत सकाळी पतियाळ्याच्या बसमध्ये बसला होता. बस पोचली, मनजीत पोचला नाही. कुणी म्हणे वर्दीवाल्यांनी उतरवला, कुणी म्हणे बंदूकवाल्यांनी. बघणारे पन्नास होते, पण बघितलं कुणीच नव्हतं.

मोठी गोष्ट सांगायची राहिली ती राहिलीच.

पुढं चार महिने सरदारजी फोटो घेऊन ठाणी, दवाखाने, गुरुद्वारे पालथे घालत होता. दुकानाला कुलूप. रस्त्यात जागोजागी झडती, म्हणून मला बरोबर नेता येईना. एक दिवस चंडीमंदिरला जाऊन त्यानं मला शोभनाबाईंच्या हातात ठेवलं. "अमानत आहे, बेटी." एवढंच म्हणून त्यानं मनजीतचा फोटो काखेत धरला. तसाच वळला.

दिवाळी आली. शोभनाबाईंनी देवाचं ताम्हन, पळी, तांब्या काढला आणि चिंच भिजत घातली. तुमच्याकडं तांबं दिसलं की बायकांना चिंच आठवते. लक्ष्मीपूजनाला मला देवापुढं ठेवायचं होतं. नवऱ्याला म्हणाल्या, "सरदारजींच्या मनजीतसाठी मागणं मागणार आहे मी. हे असं डागाळलेलं कसं ठेवू पूजेत?"

मेजर म्हणाला, "घास की मग. चकाचक बघून म्हातारा तरी हसेल."

मला ओरडता येत नाही. येत असतं तर सगळी छावणी गोळा केली असती. चिंच, मीठ आणि त्या बाईचा मायेचा हात. राजाच्या गालावर तर तिनं जास्तच घासलं, कारण डाग तिथंच होता. मग मला कुंकू लावलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "देवा, त्यांचा मुलगा परत दे."

आठ दिवसांनी सरदारजी आला. निम्मा झाला होता. बाईंनी मला ताटलीत ठेवून पुढं केलं. "बघा अंकलजी, कसं नव्यासारखं झालंय!"

त्यानं भिंग काढलं. खिडकीशी गेला. उजेडात मला इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं. मग जन्मभर दुसऱ्यांना जे करू दिलं नाही ते केलं. आपला अंगठा राजाच्या गालावर ठेवला आणि चाचपत राहिला.

"अहो, कडेला धरायचं ना?" बाई हसत म्हणाल्या.

"इथं त्याचा अंगठा होता, बेटी."

बाईंनी ताटली खाली ठेवली. "मला का नाही सांगितलंत? अंकलजी, का नाही सांगितलंत हो?"

"चूक माझी आहे. पहिला धडा मी पहिल्या दिवशी देतो. तुझ्या वेळी फोन आला." त्यानं मला कागदात गुंडाळलं, तिच्या मुठीत दिलं आणि मूठ मिटली. "जुनं नाणं कधी घासायचं नाही. आता तू सांगत जा लोकांना."

मनजीत आला नाही. सरदारजीही पुन्हा आला नाही.

शोभनाबाईंबरोबर मी सात गावं फिरलो, आता पुण्यात कपाटात असतो. मराठी त्यांच्याकडंच शिकलो. माझा तपकिरी रंग हळूहळू परत येतोय. नाणी जमवायला कुणी नवीन पोरगं आलं की बाई आधी माझी गोष्ट सांगतात, नाणी मागाहून दाखवतात.

आणि दर दिवाळीत, ताम्हन बाहेर काढायच्या आधी, मला काढतात. कडेला धरून उजेडात तिरपं करतात आणि राजाच्या गालाकडं बघत राहतात. म्हातारा झालो, अजून खोटं बोलता येत नाही. ठेव, बाई, कागदात. यंदाही नाही दिसत.